डिकीतला आवाज

दारात किल्ली फिरली आणि कानवाला दचकला. हातातली किसणी सिंकमध्ये पडली. आत आलेली बायकोच होती, रोजच्याच वेळी, खांद्याला ओलसर पिशवी आणि केसांना पोहण्याच्या तलावातल्या पाण्याचा तो औषधी वास. "काय झालं?" तिनं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, आणि किसणी उचलता उचलता त्याच्या लक्षात आलं की आज काच वाजली नव्हती. एरवी तिची गाडी कोपऱ्यावर वळली की आधी स्वयंपाकघराच्या खिडकीची सैल काच थरथरायची, मग ओट्यावरचे पेले कुरकुरायचे, मग खालून तो धप् धप् आवाज भिंतीतून वर चढत यायचा. बातम्या लावल्या असल्या तरी तेच. बातम्या सांगणारी बाई विहिरीत उतरून बोलतेय असं वाटायचं. लग्न होऊन या घरात राहायला आल्यापासून कानवाल्यानं त्या आवाजाला मनातल्या मनात लाखोली वाहिली होती. आज तो आला नाही तर त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तसं काही झालं नाही. उलट छातीत कुठंतरी एक बारीक खिळा टोचल्यासारखं झालं आणि जेवण होईपर्यंत तो खिळा तिथंच राहिला.

तो इस्पितळात लोकांचे कान तपासायचा. गाद्या लावलेल्या एका लहानशा खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन घालायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेपलीकडून बारीक बारीक सूर सोडायचे. ऐकू आलं की दाबा. म्हणून सगळे त्याला कानवाला म्हणत, आणि घरात बायकोची मुलगीही चेष्टेत तेच म्हणायची, समोर मात्र काका. गाडी बायकोची होती. कागदोपत्री पहिल्यापासून तिचीच; पण ती सजवली होती तिच्या आधीच्या नवऱ्यानं. डिकीत निम्मी जागा अडवून एक काळी पेटी बसलेली होती, तिच्या पोटात ताटाएवढा वूफर, आणि पेटीच्या पाठीला स्क्रूनं आवळलेला अ‍ॅम्प्लिफायर. पेटी त्यानं स्वतः कापून, चिकटवून, वरून कापड चढवून केली होती म्हणे. ती दोघं वेगळी झाली तेव्हा भांडीकुंडी, पुस्तकं, पंखे सगळ्याची वाटणी झाली. पेटी मात्र गाडीबरोबर राहिली. कुणी मागितली नाही म्हणून राहिली, की कुणी मुद्दाम ठेवली, हे कानवाल्याला कधी विचारता आलं नाही. मनात तो त्या माणसाला 'पहिला' म्हणायचा. आधी नुसती सोय म्हणून. पुढे पुढे त्या शब्दाला वर्गात पहिला येणाऱ्या मुलाचा वास यायला लागला.

पहिल्याला नावं ठेवायला जागाच नव्हती, ही खरी अडचण होती. तो दारू पीत असता, हात उगारत असता, निदान खोटं बोलत असता, तर कानवाल्याला रात्री शांत झोप लागली असती. पण तो दुसऱ्या शहरात लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत साधी सरळ नोकरी करत होता, मुलीला सुट्टीत घेऊन जायचा, वेळेवर आणून सोडायचा, आणि दर वेळी खाली गाडीतूनच हात करून परत जायचा. "मग तुमचं बिनसलं कशावरून?" असं कानवाल्यानं लग्नाआधी एकदा विचारलं होतं. बायको बराच वेळ विचार करून म्हणाली होती, "आम्ही दोघं एकमेकांना फार ओळखत होतो." त्या वाक्यावर कानवाला आजवर किती वेळा झोपला आणि किती वेळा उठला होता. फार ओळखणं हे काय कारण झालं? आणि मग आपल्याशी तिचं चांगलं चाललंय ते कशामुळे? आपल्याला ती फारशी ओळखत नाही म्हणून? तपासणीच्या खोलीत काही माणसं सूर सोडलेला नसतानाही बटण दाबत राहतात. ऐकू यायलाच हवं या धास्तीनं त्यांना शांततेतही काहीबाही ऐकू येतं. अशा माणसांचा निकाल लावणं अवघड जातं, आणि अलीकडे असं कुणी आलं की कानवाला त्याच्याशी जरा जास्तच प्रेमानं वागायचा.

पुढच्या दिवशीही काच वाजली नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. बायको काही बोलली नाही. नळाचा वायसर गेला तरी दहादा सांगणारी बाई, हिच्या गाडीतला निम्मा आवाज गेला आणि हिला त्याचं काहीच नाही? शेवटी त्यानंच विषय काढला. ती मटार सोलत बसली होती. "गाडीतलं ते बंद पडलंय का?" तो म्हणाला, शक्य तितक्या सहज. "हो, पडलंय वाटतं," ती म्हणाली आणि एक शेंग उघडून तिच्यातला दाणा तोंडात टाकला. संपलं. कानवाल्याला तो 'वाटतं' पचेना. रोज दोन वेळा जी गाडी चालवते तिला 'वाटतं'? की कळलंय, आणि लपवतेय? की तिला ते बंद पडल्याचं इतकं वाईट वाटलंय की आपल्यासमोर दाखवायचं नाही? दुसऱ्या दिवशी इस्पितळात एका म्हाताऱ्याला सूर देता देता तो तिचं ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा लावून ऐकत होता, आणि म्हातारा काचेपलीकडून हातातलं बटण वर करून त्याला दाखवत होता, की बाबा रे, मी केव्हाचा दाबतोय.

ठिणगी पडली ती मुलीकडून. शनिवारी जेवताना ती म्हणाली, "आई, गाडीत बास अजिबात येत नाहीये. मी बाबांना विचारू का? त्यांनीच बसवलंय, त्यांना पाच मिनिटं लागतील." मुलगी सोळा वर्षांची होती, तिच्या मनात काही नव्हतं. बायकोनं पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "कशाला त्याला त्रास?" 'त्याला' हा शब्द तिनं कसा उच्चारला हे कानवाल्याच्या तरबेज कानांनी टिपलं. त्यात काहीच नव्हतं. काहीच नव्हतं म्हणून तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी बघतो उद्या," तो म्हणाला. दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. "तुला येतं ते?" बायकोनं विचारलं. "रोज सकाळ-संध्याकाळ आवाजातच असतो मी," कानवाला म्हणाला. मुलगी हसली आणि पाण्याचा घोट तिच्या नाकात गेला.

रविवारी दुपारी तो खाली उतरला. इमारतीच्या समोरच्या अंगाखालची, घराच्या खिडकीतून दिसणारी ती गाड्या ठेवायची जागा दुपारची थंड असायची, सिमेंटचा आणि टायरचा वास, कुठंतरी एक पाइप ठिबकत. इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्याकडून त्यानं मीटर मागून आणला होता. तो कसा धरायचा तेवढं त्याला येत होतं. पुढचे स्पीकर वाजत होते, म्हणजे गाणं लागत होतं. डिकीतल्या पेटीपर्यंत काही पोचत नव्हतं. अ‍ॅम्पवर एक दिवा होता, तो विझलेला. त्यानं बॉनेट उघडून बॅटरीजवळचा फ्यूज काढून उजेडात धरला. तार शाबूत होती. मग डिकीत डोकं घालून अ‍ॅम्पच्या दोन जाड स्क्रूंना मीटरचे दोन पिन लावले. काटा जागचा हलेना. म्हणजे करंटच येत नाही, म्हणजे वायर कुठंतरी तुटली, म्हणजे सीट काढा, गालिचा उचला. त्यानं गालिच्याची कड उचलून पाहिली आणि त्याचे हात थबकले. खाली तांबडी वायर दाराच्या कडेकडेनं कशी सरळ, न वळता, न चुरगळता गेली होती. जिथं पत्र्याची धार होती तिथं रबराची नळी चढवली होती. प्रत्येक वळणावर चिकटपट्टी, तीही एकाच मापाची, टोकं दुमडून ठेवलेली, म्हणजे पुढे कुणाला काढायची झाली तर नखात यावीत. पुढे कुणाला! ज्यानं ही वायर टाकली तो किती निवांत असेल, किती सुखात असेल त्या दिवशी, हे वायर सांगत होती. बायको तेव्हा कुठं बसली असेल? पुढच्या सीटवर पाय वर घेऊन? त्याला टॉर्चचा उजेड दाखवत? तिच्या अंगावर तेव्हा कोणता रंग असेल? कानवाला डिकीत अर्धा आत, अर्धा बाहेर असा लटकून त्या वायरीकडे पाहत राहिला. दुसऱ्याचं प्रेमपत्र हाती लागावं, त्यात एकही गोड शब्द नसावा, नुसतं स्वच्छ अक्षर असावं, तसं त्याला झालं.

"काका, बाबा बोलतायत," मागून मुलगी म्हणाली. तिनं विचारायची तसदी घेतलीच नव्हती. फोन तिनं डिकीच्या गालिच्यावर ठेवला आणि त्यातून पहिल्याचा आवाज आला. कानवाल्यानं तो आवाज याआधी कधी नीट ऐकला नव्हता. खालच्या पट्टीतला, घाई नसलेला, शब्दांच्या कडा गोल असलेला आवाज. रुग्णांना सूचना द्यायला असा आवाज मिळाला असता तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं आणि तेही त्याला झोंबलं.

"नमस्कार. उगीच तुमचा रविवार घालवला त्या डब्यानं," पहिला म्हणाला.

"नाही नाही. फ्यूज ठीक आहे. पण अ‍ॅम्पला करंटच येत नाहीये."

"कुठं बघितलंत? दोन्ही पिन अ‍ॅम्पवरच लावलेत का?"

"हो."

"मग एक करून बघा. लाल पिन तिथंच राहू द्या. काळा पिन अ‍ॅम्पवरून काढून मागच्या सीटच्या बिजागरीला लावा. रंग नसलेल्या जागी."

कानवाल्यानं तसं केलं. काटा उठून बाराच्या वर जाऊन उभा राहिला. "बारा दाखवतोय," तो नाइलाजानं म्हणाला.

"मग करंट येतोय. त्याला परत जायला वाट नाहीये. अर्थिंग म्हणतात ना, तो अर्थ गेलाय तुमचा."

"बाबा, काकांना तो कधीच लागत नाही," मुलगी म्हणाली, आणि फोनमधून पहिला हसला. तिला मग तहान लागली आणि ती पाण्याची बाटली आणायला वर गेली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. पहिला शांतपणे सांगत होता की स्टेपनी उचला, तिच्या खाली डाव्या अंगाला एक बोल्ट असेल, काळी वायर त्याच्याखाली आवळलेली असेल, तो बघा. कानवाल्यानं स्टेपनी बाहेर काढून खांबाला टेकवली. बोल्ट दिसला. त्यानं बोट लावलं तर तो दातासारखा हलला. खाली गंजाची तांबूस पूड जमली होती. पाना लावून त्यानं तो आवळला, आणि अ‍ॅम्पवर हिरवा दिवा लागला.

इतकंच होतं. कानवाला त्या दिव्याकडे पाहत राहिला. आता तो 'लागला' म्हणणार, पहिला 'शाब्बास' म्हणणार, मुलगी वर जाऊन 'बाबांनी फोनवरून केलं' म्हणणार, आणि उद्यापासून काच परत थरथरणार, ती पूर्वीपेक्षा वाईट, कारण आता तिच्यात त्याचीही मेहनत असणार. त्यानं पाना उलटा फिरवला. दिवा विझला.

"काय झालं? लागला?" फोनमधून आलं.

"नाही."

"बोल्ट सैल होता?"

"घट्ट आहे एकदम."

"नवल आहे," पहिला म्हणाला. त्याला शंका आली असेल का? आवाजावरून तरी काही कळेना. "मग अ‍ॅम्पच गेला म्हणायचा. जाऊ दे, असं करू. माझ्याकडे एक नवाकोरा पडून आहे. पुढच्या रविवारी पोरीला भेटायला येणारच होतो, तेव्हा घेऊन येतो आणि बसवूनच देतो. दुपारचं काम आहे. तुम्ही कशाला हात काळे करताय?"

कानवाल्याच्या डोळ्यांपुढे पुढचा रविवार जसाच्या तसा उभा राहिला. याच जागी बाह्या दुमडून पहिला, डिकीत वाकलेला. मुलगी त्याच्या शेजारी बसून पाय हलवतेय. बायको चहाचा कप घेऊन खाली येते, आणि साखर किती हे तिला विचारावं लागत नाही. आणि आपण? आपण आभार मानायला उभे. आपलं खोटं आपल्याच पायात असं येईल याची त्याला कल्पना नव्हती. "थांबा जरा," तो म्हणाला, "परत एकदा बघतो. कदाचित गंज असेल खाली."

"असू शकतो," पहिला म्हणाला. "बोल्ट पूर्ण काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, मग आवळा. तेव्हा मी तो रंग नीट खरवडला नव्हता बहुतेक. पाऊस आला होता, घाई केली."

घाई केली. त्या एवढ्या एका वाक्यानं कानवाल्याला इतका आनंद झाला की त्याचीच त्याला लाज वाटली. तो मनापासून घासत बसला. गंज गेला, रंग गेला, खालून पांढरा पत्रा आरशासारखा निघाला. त्यानं वायर बसवली आणि मनगट दुखेपर्यंत पाना आवळला. हिरवा दिवा लागला तेव्हा मुलगी बाटली घेऊन परत येत होती. "लागला की," ती म्हणाली, पुढच्या सीटवर जाऊन बसली, दार ओढून घेतलं आणि गाणं लावलं.

कानवाला डिकीजवळच होता. पहिला ठोका कानात शिरायच्या आधी त्याच्या छातीवर येऊन आदळला. वरून, भिंतींतून झिरपत येणारा जो आवाज त्याला माहीत होता तो हा नव्हता. इथं, पेटीच्या तोंडाशी, तो धपधप मुळीच करत नव्हता. तो गोल होता, मऊ होता, एकेक सूर स्वतःच्या जागी उभा होता. चांगलं काम होतं. फार चांगलं काम होतं. रोज बायको यात बसून येत होती आणि वर त्याच्यापर्यंत पोचत होता तो नुसता त्याचा चोथा. मत्सरानं भरलेला कानवाला डिकीच्या काठावर बसला. मग त्याला फोनची आठवण झाली. तो उचलून, स्पीकर बंद करून, कानाला लावून तो खांबामागे गेला. "ऐकू आलं?" त्यानं सवयीनं विचारलं.

फोन कटला नव्हता. पलीकडे एक श्वास होता, आणि तो श्वास सरळ येत नव्हता. आत जाताना दोन ठिकाणी अडखळत होता. कानवाल्याला श्वास कळायचे. त्या गाद्यांच्या खोलीत, ऐकू येत नाही हे पहिल्यांदा कळलेली माणसं असाच श्वास घ्यायची, काचेपलीकडच्याला दिसू नये म्हणून.

"आलं," शेवटी पहिला म्हणाला. आवाजाच्या गोल कडा गेल्या होत्या. "एक विचारू? राग मानू नका. ती अजून बसून राहते का खाली?"

"म्हणजे?"

"घरी आल्यावर. गाडी लावायची, आणि आत तशीच बसून राहायची, आवाज मोठा ठेवून. वर यायची नाही. अर्धा अर्धा तास. मी खिडकीतून बघत असायचो. मला वाटायचं, गाणं संपलं की येईल." तो थांबला. "मीच ते बसवून दिलं ना. चांगलं बसवून दिलं."

खांबाच्या पलीकडे गाडीच्या काचेआड मुलगी मान हलवत होती. कानवाल्याला उत्तर माहीत होतं. बायको एक दिवसही खाली बसून राहिली नव्हती. आवाज बंद झाला की थोड्याच वेळात किल्ली फिरायची, जिना चढून आल्यासारखी धापसुद्धा लागलेली असायची कधी कधी, कारण लिफ्ट वर असली तर ती थांबत नसे. ती धावत वर येत होती. हे त्याला आत्ता, या क्षणी, या माणसाच्या तोंडून कळत होतं. 'नाही, कधीच नाही' एवढे तीन शब्द म्हटले की पहिला कायमचा दुसरा झाला असता. शब्द जिभेवर आले होते, आणि त्यांची चव फार गोड होती.

"बसते," कानवाला म्हणाला. "कधी कधी. बराच वेळ बसते."

"हो का," पहिला म्हणाला. पलीकडचा श्वास एका लांब ओढीत मोकळा झाला. "मग तिची सवयच असेल ती."

"सवयच आहे," कानवाला म्हणाला. "मीही खिडकीतून बघतो."

नंतर दोघं थोडं बोल्टबद्दल बोलले. त्यावर ग्रीसचा हात फिरवा, म्हणजे गंज धरणार नाही, असं पहिल्यानं सांगितलं, आणि कानवाल्यानं बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं होतं की आता हलकं वाटेल, आपण काहीतरी मोठं देऊन बसलोय. लिफ्टमध्ये शिरेपर्यंत तसं वाटलंही. पण दार लागलं, आरशात स्वतःचा गंज लागलेला गाल दिसला, आणि खिळा पुन्हा जागेवर आला. अर्धा अर्धा तास. वर येववत नाही इतकं एखाद्या माणसाचं ओझं वाटणं, त्याच्यासाठी अंधारात बसून गाण्याआड स्वतःला लपवणं, हेही काही कमी नव्हतं. आपल्यासाठी ती कधी अशी बसली नाही. आपल्याकडे ती सरळ येते, जशी माणसं आपल्या खुर्चीकडे येतात. लिफ्ट थांबली तेव्हा कानवाल्याला स्वतःचं हसू आलं. हे दुखणं कशावरही जगत होतं, काहीही घातलं तरी खात होतं.

बायको गॅलरीत पोहण्याचे कपडे वाळत घालत होती. "वाजलं की," ती पाठमोरीच म्हणाली. "वर आलं ऐकू."

"वाजलं. बोल्ट सैल होता."

"त्याचा फोन होता ना? पोरगी म्हणाली."

"हो."

"काय म्हणाला?"

"काही नाही. ग्रीस लाव म्हणाला."

तिनं चिमटा लावला, काढला, परत लावला. "मी वरून बघत होते. पोरगी गाडीत होती आणि तू खांबामागे उभा राहून बोलत होतास. बराच वेळ."

"बोल्टचंच चाललं होतं."

"इतका वेळ?" ती वळली. कानवाल्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला आपले डोळे बाजूला घ्यावेसे वाटेनात. हा चेहरा त्याला ठाऊक होता. रोज दाढी करताना आरशात तो याच चेहऱ्याच्या गळ्यावरून ब्लेड फिरवायचा. "माझ्याबद्दल बोललात का तुम्ही?"

"तुझ्याबद्दल कशाला बोलू?"

"मग कशाबद्दल?"

"सांगितलं की," तो म्हणाला, आणि हात धुवायला आत गेला. नळाखाली काळं पाणी वाहत राहिलं. तिची पावलं गॅलरीतून आत आली, स्वयंपाकघरापर्यंत आली आणि दाराशी थांबली. ती परत विचारणार होती. त्यानं साबण घेतला आणि हात अगदी सावकाश, एकेक बोट वेगळं करून धुवायला लागला.